यंत्राच्या दारातली थोरली गाय

मुलांनो, उसाचे मळे जिथे संपतात आणि खडकाळ माळ सुरू होतो, तिथे पत्र्याच्या छपराखाली एक मोठा गोठा होता. त्या गोठ्यात चाळीस गाई राहत असत, आणि त्या चाळिसांत एक थोरली गाय होती. थोरली म्हणजे वयाने थोरली, अंगाने थोरली आणि स्वतःच्या मते अकलेनेही थोरली. तिची चाल संथ होती. बोलायच्या आधी ती दोन वेळा रवंथ करी, त्यामुळे तिचे प्रत्येक बोलणे फार विचार करून केलेले वाटे. प्रत्येक वेळी ते तसे असेच, असे मी म्हणणार नाही.

त्या गोठ्यात एक जुनी रीत होती. सकाळ-संध्याकाळ गजराबाई नावाची बाई धार काढायला येई. ती दारात उभी राहून एकेका गाईला हाक मारी, आणि पहिली हाक थोरल्या गाईला असे. "ये गं माझी बाय, ये," असे शब्द कानावर पडले की थोरली डौलात पुढे होई, तिची धार निघे आणि मग बाकीच्यांची पाळी येई. पहिल्या धारेचा मान थोरलीचा. तिच्याआधी कुणी पाऊल टाकायचे नाही, हे वासरांनासुद्धा ठाऊक होते. ही रीत कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती, पण ती मोडायची चाळीस गाईंत एकीचीही छाती नव्हती.

मानाबरोबर एक कटकटही येते. ज्याला मान, त्याला सगळे प्रश्न विचारायला येतात. जनावरांचा डॉक्टर मानेतच सुई का टोचतो? खड्ड्यात मुरवलेल्या चाऱ्याला, म्हणजे मुरघासाला, आंबूस वास का येतो? कुंपणाच्या तारेला नाक लावले की झिणझिण्या का येतात? थोरली गाय सगळ्यांना उत्तर देई. येत असले तरी देई आणि येत नसले तरी देई. तारेबद्दल तिने सांगितले होते की तार रागीट स्वभावाची आहे, आणि सगळ्या गाईंनी ते मान डोलावून ऐकून घेतले होते. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मात्र तिने जन्मात कधी उच्चारले नव्हते. हसू नका. वर्गात बाईंनी "कळलं ना?" असे विचारल्यावर न कळताच मान हलवणारे माझ्या ओळखीचे पुष्कळ आहेत.

आता झाले काय, की गजराबाईची बोटे सांध्यांत आखडू लागली. सकाळी उठल्यावर तिला मूठ मिटता येईना. तिच्या जोडीला धार काढणारी माणसे एकेक करून शहराकडे गेली, आणि नवीन माणूस काही मिळेना. गोठ्याच्या मालकाची मुलगी रेवती दुग्धशास्त्र शिकून आली होती. तिने दोन महिने कुठे कुठे फोन केले, वडिलांची समजूत घातली, आणि एके दिवशी गोठ्यासमोर एक लांबलचक ट्रक येऊन थांबला. त्यातून एक प्रचंड खोके उतरले आणि खोक्यातून धारा काढणारे यंत्र निघाले.

गाईंच्या दृष्टीने ते काय होते, ते सांगतो. एक अरुंद पिंजरा, एका वेळी एकच गाय मावेल एवढा. मागे दार, पुढे दार. आत एक छोटीशी गव्हाण. आणि पोटाखाली, जिथे गजराबाईचे हात असायचे तिथे, लोखंडाचा एक लांब हात. त्या हाताला खांदा नाही, कोपर कुठे आहे ते समजत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या हाताच्या वरच्या टोकाला माणूसच नाही!

पिंजऱ्याकडे जायला दोन्ही बाजूंनी लोखंडी नळ्या लावलेली एक चिंचोळी वाट केली होती. प्रत्येक गाईच्या गळ्यात एक पट्टा बांधला. पट्ट्याला काळी डबी होती, कोणती गाय आली ते यंत्राला समजावे म्हणून. "ही डबी कशाला?" असे गाईंनी थोरलीला विचारले.

थोरलीने दोन वेळा रवंथ केला. "दागिना आहे," ती म्हणाली.

पहिले सहा दिवस माणसांनी गाईंना एकेक करून आत घातले. यंत्र बसवणारे दोघे जण आणि रेवती असे तिघे मागून खांदा लावत, आणि गाय पाय रोवून उभी राही. रीतीप्रमाणे सर्वांत आधी थोरली. तिला आत न्यायला पाऊण तास लागला, शेपटीच्या मुळाशी रेटणाऱ्या दोघांना घाम फुटला आणि एकाची टोपी शेणात पडली. बाहेर आल्यावर बाकीच्या गाईंनी तिला गराडा घातला.

"थोरल्याबाई, तुम्हाला ढकलत होते का?" एकीने विचारले.

"ढकलत नव्हते. मानाने नेत होते. खांदा दिला त्यांनी मला," थोरली म्हणाली.

"आणि आत तो लोखंडी हात कुणाचा?"

हाच प्रश्न थोरली आत उभी असताना स्वतःला विचारत होती. पण समोर इतके डोळे तिच्याकडे बघत होते. "गजराबाईचाच," तिने सांगून टाकले. "लांब केलाय तिने."

"मग तिचं तोंड का दिसत नाही?"

"कामात असलेली माणसं तोंड दाखवत नाहीत."

"आणि कासेखाली तो लाल उजेड इकडून तिकडे फिरतो, तो कसला?"

हा प्रश्न फारच अवघड होता. आपल्याला ठाऊक आहे की त्या उजेडाने यंत्र गाईचे सड शोधते, म्हणजे दूध ओढणाऱ्या चारही वाट्या बरोबर चार ठिकाणी बसाव्यात. थोरलीला हे कुठून ठाऊक असणार? दिव्यासारखी गोष्ट फिरवताना तिने एकाच प्रसंगी पाहिली होती, ती म्हणजे वसुबारसेच्या दिवशी. "ओवाळतात आपल्याला," ती म्हणाली.

"पण वसुबारसेला तर कपाळाला ओवाळतात. ही कासेला कसली ओवाळणी?"

"नवीन पद्धत आहे," थोरली म्हणाली आणि पाठ फिरवून गवत खाऊ लागली.

पाठ फिरवली खरी, पण घास काही गिळवेना. मुलांनो, त्या सहा दिवसांत थोरलीइतके गोंधळलेले जनावर त्या माळावर दुसरे नव्हते. आत गेले की गव्हाणीत खुराक पडे, तो कोण टाकते ते दिसत नसे. पाण्याचा फवारा येई, एक ब्रश सड पुसून जाई, चार वाट्या एकामागून एक लागत, आणि काम झाले की आपोआप गळून पडत. पुढचे दार उघडे, आणि समोर हिरवा चारा! हे सगळे कुणी केले? कुणाला रागवायचे, कुणापुढे मान खाली घालायची? गजराबाईने धार काढताना ओढून धरले तर थोरली शेपटीने तिला एक फटकारा देई आणि दोघींचे भांडण मिटे. इथे फटकारा द्यावा कुणाला?

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. गजराबाईचा हात लागल्याशिवाय थोरलीने आजवर कधी पान्हा सोडला नव्हता. एकदा गजराबाई लेकीच्या गावी गेली तेव्हा दोन दिवस थोरलीने दूध चोरून धरले होते आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. इथे मात्र खुराक खाता खाता कधी पान्हा सुटला ते तिचे तिलाच कळले नाही. नळीतून दूध वाहून गेल्याचा आवाज ऐकला तेव्हा तिला लाज वाटली. गजराबाईशी आपण दगा केला, असे तिला वाटले. हे तिने कुणालाही सांगितले नाही. सांगणार कुणाला? सगळ्या गाई आपल्या शंका घेऊन तिच्याकडे येत, आणि तिने स्वतःची शंका घेऊन जावे अशी जागाच गोठ्यात नव्हती.

त्यात छपरावरचा कावळा. कावळ्याला आपण सगळे वरून पाहतो म्हणून सगळे समजते, असा भ्रम होता. तो थोरलीच्या कानाशी येऊन म्हणाला, "मी स्वतः बघितलंय. गजराबाई त्या यंत्राच्या खोलीत शिरली आणि बाहेर आलीच नाही. यंत्राने तिला आत धरून ठेवलंय. हात तिचाच वापरतंय."

वास्तविक गजराबाई मागच्या दाराने निघून वासरांच्या शेडकडे गेली होती. तिला आता वासरांना दूध पाजायचे काम दिले होते, आणि मागचे दार कावळा बसे तिथून दिसत नसे. पण थोरलीच्या मनात कावळ्याचे बोलणे घर करून बसले. तिने ते खरेही मानले नाही आणि खोटेही मानले नाही, त्यामुळे डोक्यातला गुंता आणखी वाढला. दुपारी एकीने विचारले, "गजराबाई हाक का मारत नाही हल्ली?" तेव्हा थोरली म्हणाली, "मारील. वेळ आली की यंत्रातून हाक मारील. तिने हाक मारली की जायचं. पहिली हाक मला, मग तुम्हाला."

हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ याच वाक्याने केला.

सातव्या दिवशी सकाळी रेवती कठड्यापाशी आली. तिच्यासोबत गजराबाई होती, पण ती शेडच्या भिंतीआड उभी होती. रेवती यंत्राच्या माणसांना म्हणाली, "आज कुणी हाकायचं नाही. सहा दिवस वाट दाखवली, आता त्यांच्या त्यांना येऊ देत. उन्हं कलेपर्यंत थांबू."

गजराबाई भिंतीआडून दबक्या आवाजात म्हणाली, "आगं पर रेवा, बोलावल्याबिगर माझी थोरली पाऊल उचलायची न्हाई. आन् ती हलली न्हाई तर बाकीच्या कशा हलतील? मी एक हाक मारू का?"

"नको मावशी. तुमचा आवाज आला की त्या तुमच्याकडंच बघत बसतात. मग त्या यंत्राकडं कधी जाणार? आणि तुमची बोटं काय म्हणतात ते बघा आधी."

"बोटांचं काय घिऊन बसलीस! चार दिसांमागं याल्याली पहिलारू हाय त्यात. तिची कास दगडासारखी झाली तर?"

"उन्हं कलेपर्यंतच," रेवती म्हणाली. पण तिचाही आवाज पूर्वीइतका ठाम नव्हता. गजराबाई पुटपुटत वासरांकडे गेली.

ही पहिलारू कोण, ते आता सांगायला हवे. पहिलारू म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय. ती थोरलीच्याच पोटची होती. वयाने कोवळी, डोळे मोठे, आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. चारच दिवसांपूर्वी तिला कालवड झाली होती. पहिल्या वेताची गाय, अंगात दूध भरपूर, कास अजून सरावलेली नाही. अशा गाईचे दूध वेळेवर निघाले नाही तर कास ताठते, सड तापतात, आणि तसेच राहिले तर एखादा सड कायमचा निकामी होतो. एकदा गेलेला सड परत येत नाही. हे गजराबाईला ठाऊक होते, रेवतीला ठाऊक होते आणि थोरलीलाही ठाऊक होते, कारण पाच वेतांमागे तिच्या शेजारच्या गाईचे असे झालेले तिने डोळ्यांनी पाहिले होते.

धारेची वेळ झाली तशी थोरली रीतीप्रमाणे चिंचोळ्या वाटेत शिरली आणि पिंजऱ्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. तिच्या मागे पहिलारू. तिच्या मागे एक खादाड गाय, जिचे सगळे लक्ष आतल्या खुराकावर होते. तिच्या मागे आणखी दोघी, आणि मग वाटेत जागाच उरली नाही म्हणून बाकीच्या अंगणात.

दार उघडे होते. आत गव्हाण दिसत होती. लोखंडी हात बाजूला घडी घालून बसला होता. थोरली हाकेची वाट पाहू लागली.

हाक आली नाही.

थोरलीने मागे खांदा लागेल म्हणून पाय रोवले. खांदाही लागला नाही. आता काय करायचे असते? तिने कान टवकारले. यंत्रातून नुसती घरघर येत होती. ही घरघर म्हणजेच हाक असेल का? तिने एक पाय उचलला. पण मग वाटले, नसली तर? न बोलावता आत गेले आणि चाळीस गाईंसमोर त्या दाराने तोंडावर आपटून घेतले, तर पहिल्या धारेचा मान कुठे राहिला? तिने पाय खाली ठेवला. मग वाटले, कावळ्याचे खरे असले तर? गजराबाई आत अडकली असेल आणि तिला ओरडता येत नसेल तर? मग तर लगेच जायला हवे. तिने पुन्हा पाय उचलला. पण गजराबाई अडकली असेल तर आपणही अडकू! पाय पुन्हा खाली. असे किती वेळा झाले, ते तिलाही सांगता आले नसते.

"थोरल्याबाई," मागून खादाड गाय म्हणाली, "काय चाललंय पुढे?"

"हाकेची वेळ व्हायची आहे," थोरली म्हणाली.

"मला खुराकाचा वास येतोय."

"वास येणं म्हणजे हाक येणं नव्हे."

थोरलीचे म्हणणे खादाड गाईला पटले नव्हते, पण थोरली म्हणते म्हणजे असेल काहीतरी. मागच्या दोघींना तर ऐकूच आले नाही. त्यांनी अंगणातल्यांना सांगितले की पुढे काहीतरी मोठे ठरते आहे. अंगणातल्यांनी आपसांत ठरवून टाकले की आज कासेऐवजी शिंगांना ओवाळणार आहेत, म्हणून उशीर होतो आहे. एकीने तर शिंगे स्वच्छ असावीत म्हणून खांबावर घासायला सुरुवात केली.

उन्हं चढली. पत्रा तापला. चाळीस गाईंच्या चाळीस कासा भरू लागल्या. कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाके, कुणी हंबरे. कावळा पत्र्यावरून ओरडला, "थोरल्याबाई, सगळ्यांना आत धरायचा डाव आहे हा! जाऊ नका!" मग थोड्या वेळाने तोच ओरडला, "थोरल्याबाई, गेला नाहीत तर कायमचं बाहेर ठेवतील! जा!" कावळ्याला स्वतःचेच आधीचे बोलणे आठवत नसे, त्यामुळे त्याला कधी गोंधळ झाल्यासारखे वाटत नसे. सुखी प्राणी.

थोरली पुढेच बघत उभी होती. तिचे डोके भणभणत होते. सहा दिवसांत तिने दिलेली सगळी उत्तरे तिला आठवू लागली, आणि ती एकमेकांशी जुळेनात. हात गजराबाईचा असेल तर गजराबाई अडकलेली कशी? ओवाळायला बोलावतात तर मग खांदा लावून का ढकलावे लागले? आणि पट्टा जर दागिना आहे तर वासरांनी काय पाप केले, त्यांना का नाही? हे सगळे तिचेच बोलणे होते, आणि ते तिलाच समजेनासे झाले होते. मागे वळून कुणाला विचारावे म्हटले, तर मागच्या सगळ्या तिच्याकडेच डोळे लावून बसलेल्या.

एवढ्यात तिच्या पायांतून काहीतरी मऊ सरकले. ती गोठ्यातली मांजर होती. मांजरीलाही या सात दिवसांत वाईट दिवस आले होते. गजराबाईची बादली गेली, बादलीवरचा फेस गेला, आणि तिच्या वाटीत सांडणारे चार थेंब गेले. यंत्राचे दूध नळीतून थेट टाकीत जाई, आणि टाकीला झाकण. ती रोज येऊन यंत्रासमोर बसे आणि जाई. आज मात्र मांजर खूश दिसत होती. तिच्या मिश्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"आज बरं आहे," मांजर मिश्या चाटत म्हणाली. "आज खाली सांडतंय."

"काय सांडतंय?" थोरलीने विचारले.

"दूध. तुमच्या मागे. थेंब थेंब चाललंय कधीपासून."

थोरलीला वाटेत वळता येत नव्हते. तिने मान मागे टाकली, जितकी जाईल तितकी. पहिलारू मागचे दोन पाय फाकवून उभी होती. तिची कास इतकी ताठली होती की कातडी चकाकत होती. चारही सडांतून दूध आपोआप गळत होते आणि सिमेंटवर त्याचे लहानसे तळे झाले होते. पहिलारूचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि अंगाला बारीक थरथर सुटली होती.

"अगं," थोरली घाबरून म्हणाली, "तू बोलली का नाहीस?"

"हाक आली नाही ना अजून," पहिलारू म्हणाली. "तू म्हणालीस हाक आली की जायचं. तुला ठाऊक असेल म्हणून थांबले."

थोरलीला आता उमगले. ही पोर आपल्या एका वाक्यावर विसंबून सकाळपासून कळा सोसते आहे, आणि ते वाक्य तर आपण वेळ मारून न्यायला बोललो होतो! आता हिला काय सांगावे? 'थोडा धीर धर' म्हणावे? तोंडावर आलेच होते तिच्या. एवढी वर्षे सवय होती. पण खाली ते पांढरे तळे वाढत होते.

तिने मांजरीकडे पाहिले. "मांजरी, तू रोज इथे बसतेस. तुला ठाऊक आहे का, आत काय आहे?"

"छे," मांजर म्हणाली. "सात दिवस बघते आहे. मला काहीसुद्धा कळत नाही." आणि ती निवांतपणे पुन्हा जमीन चाटायला लागली.

थोरलीला नवल वाटले. केवढ्या सहजपणे बोलली ही! चारचौघांत बोलली, आणि तिला काही झाले नाही. आभाळ कोसळले नाही, शेपूट गळून पडली नाही. कुणी हसलेसुद्धा नाही.

थोरलीने रवंथ केला नाही. दोनदा तर नाहीच, एकदाही नाही. मान वर करून, अंगणातल्या शेवटच्या गाईला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला ठाऊक नाही!"

सगळ्या गाईंचे जबडे थांबले.

"तो हात कुणाचा, मला ठाऊक नाही. लाल उजेड कसला, तेही ठाऊक नाही. हाक येणार की नाही, याचाही मला पत्ता नाही. ओवाळणीचं मी मनानेच सांगितलं होतं. इथे सकाळपासून मी उभी आहे ती मान म्हणून नव्हे, मला काय करायचं ते सुचत नाही म्हणून. आणि मी हलत नाही म्हणून तुम्ही सगळ्या अडकून पडला आहात."

शिंगे घासणारी गाय घासायची थांबली. मग वाटेतून खादाड गाईचा आवाज आला, "म्हणजे तुम्हालाही नाही कळत? मला वाटलं, मीच एकटी आहे."

"मलाही," तिच्या मागची म्हणाली.

"मलाही," अंगणातून कुणीतरी म्हणाले. आणि मग इतक्या जणी एकदम 'मलाही, मलाही' म्हणू लागल्या की पत्र्यावरचा कावळा दचकून उडाला. एकाही गाईला काही समजले नव्हते. चाळीस जणी सात दिवस एकमेकींकडे बघून समजल्यासारखे दाखवत होत्या!

पिंजऱ्याच्या दारालगत नळ्यांना एक खाच होती. तिथे एक गाय अंग चोरून बाजूला उभी राहू शके. थोरली त्या खाचेत शिरली. तिचे पोट मोठे, खाच लहान, दोन्ही बाजूंनी लोखंड रुतले. पण वाट मोकळी झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढे कुणीतरी जाणार होते.

"जा," ती पहिलारूला म्हणाली.

"तुझ्याआधी?"

"माझ्याआधी. आत काय होईल ते मी सांगू शकत नाही. गेले सहा दिवस माझं काही वाईट झालं नाही, एवढंच मला ठाऊक आहे. तेवढं खरं आहे. भीती वाटली तर मी इथे नळीपलीकडेच आहे."

पहिलारूने पाय उचलला. तिने आईकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि दुखणारी कास सांभाळत ती आत शिरली. मागचे दार बंद झाले. गव्हाणीत खुराक पडला. फवारा उडाला तशी ती दचकली आणि तिने एक लाथ झाडली. लोखंडी हात मागे सरकला, क्षणभर थांबला आणि पुन्हा पुढे आला. लाल उजेड फिरला. थोरली नळ्यांमधून डोळे ताणून बघत होती. पहिली वाटी लागली, सुटली. पुन्हा लागली. दुसरी. मग तिसरी लागली, चौथी लागली, आणि नळीतून दूध धो धो वाहू लागले.

पलीकडे शेडच्या दाराशी गजराबाई उभी होती. एका हाताने ती पहिलारूच्या कालवडीला धरून होती. तिने तो आवाज ओळखला. इतकी वर्षे तिने स्वतःच्या हातांनी तो काढला होता. "सोडला गं पान्हा," ती रेवतीला म्हणाली. "माझ्याबिगर सोडला." तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे की दुःखाचे, हे तिचे तिलाही सांगता आले नाही. रेवतीने तिची आखडलेली बोटे आपल्या हातात घेतली.

वाट्या गळून पडल्या. पुढचे दार उघडले. पहिलारू हिरव्या चाऱ्याकडे गेली नाही. ती वळून नळ्यांपाशी आली, आणि खाचेत अडकून उभ्या असलेल्या आईच्या नाकाला तिने नाक लावले. तिची कास मऊ पडून सैल लोंबत होती. चारही सड शाबूत होते.

"कळलं का गं तुला, आत काय आहे ते?" थोरलीने विचारले. आपल्याला न कळलेली गोष्ट दुसऱ्या गाईला विचारायची ही तिची जन्मातली पहिलीच वेळ होती, त्यामुळे तिचा आवाज जरा वेगळाच लागला.

"आई, मलाही नाही कळलं," पहिलारू म्हणाली. "पण हलकं वाटतंय."

मग खादाड गाय आत गेली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. कुणी पुढे, कुणी मागे, आणि कुणी कुणाला विचारेना. उन्हं कलायला अजून पुष्कळ वेळ होता. सर्वांत शेवटी, एकोणचाळीस जणींनंतर, थोरली खाचेतून बाहेर निघाली. तिला कुणी हाक मारली नाही, कुणी खांदा लावला नाही. ती आपल्या पायांनी आत गेली.

तात्पर्य : ज्याच्याकडे बाकीचे बघून चालतात, त्याने 'मला ठाऊक नाही' हे वेळेवर म्हणावे; कळल्याचा आव आणून तो वाटेत उभा राहिला, तर त्याचे दुखणे मागे थांबलेल्या त्याच्याच माणसाला सोसावे लागते.